बिघाड का झाला, हे ग्राहकानेच का सांगायचे?

हैदराबादच्या एका कंपनीने २५ सप्टेंबर २००९ रोजी बीएमडब्ल्यूची ७ सीरीज गाडी घेतली. चारच दिवसांनी, २९ तारखेला, चालत्या गाडीत गंभीर बिघाड झाला आणि ती वर्कशॉपमध्ये न्यावी लागली. दुरुस्त होऊन आलेली गाडी १३ नोव्हेंबरला पुन्हा बिघडली. मग मालकांनी फिर्याद दिली, भारतीय दंड संहितेच्या ४१८ आणि ४२० या कलमांखाली गुन्हा नोंदला गेला आणि प्रकरण कोर्टात गेले. २०१२ मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने गुन्हा रद्द केला, पण गाडीच्या जागी नवी गाडी द्या, असे उत्पादक कंपनीला सांगितले. उत्पादक तयार झाला; ग्राहकाला मात्र आता गाडी नको होती, व्याजासह पैसे हवे होते. अखेर १० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने उत्पादकाला ५० लाख रुपये देऊन हा वाद कायमचा मिटवायला सांगितले. फसवणूकच दिसत नव्हती, तर फौजदारी प्रकरणात गाडी बदलून देण्याच्या आदेशाला आधार नव्हता, हेही न्यायालयाने त्याच निकालात नोंदवले. चार दिवसांत बिघडलेल्या गाडीचा हिशेब पुरा व्हायला जवळजवळ पंधरा वर्षे गेली.

या विलंबाचे खापर नुसते न्यायालयांच्या संथपणावर फोडून भागत नाही. नवी गाडी बंद पडली, हे अशा वादांत सहसा कोणी नाकारत नाही. भांडण असते ते कारणावरून. दोष कारखान्यातून आला की वापरातून, इंधन वाईट होते की चालवणारा, हे ठरवायचे असते, आणि आपल्याकडे ते ठरवून दाखवायची जबाबदारी बहुतेक वेळा गाडी घेणाऱ्यावर येऊन पडते. माझे म्हणणे असे की हे ओझे चुकीच्या खांद्यावर आहे. ग्राहकाने फक्त एवढे दाखवावे, की गाडी नवी असताना बंद पडली, इतक्या वेळा पडली आणि इतके दिवस वर्कशॉपमध्ये उभी होती. का पडली, हे ज्याने बनवली त्याने सांगावे. कारण ते सांगण्याची साधने फक्त त्याच्याकडेच आहेत.

एवढी महागडी गाडी नवी असताना बिघडतेच कशी, असा प्रश्न सहज मनात येतो. यंत्रांच्या भरवशाचा अभ्यास करणाऱ्यांना यात नवल वाटत नाही. बिघाडांचे प्रमाण काळानुसार मांडले तर ते सुरुवातीला जास्त, मधली बरीच वर्षे कमी आणि आयुष्याच्या शेवटी पुन्हा जास्त असे दिसते. अभियंते या आलेखाला बाथटब कर्व्ह म्हणतात. सुरुवातीच्या या बिघाडांमागे झीज नसते. सैल राहिलेला कनेक्टर, कच्चे राहिलेले सोल्डरिंग, पुरेसा न आवळलेला बोल्ट अशी कारणे असतात. इंग्लंडमध्ये गाजलेले एक प्रकरण यासाठी पाहण्यासारखे आहे. तिथल्या एका गृहस्थांनी घेतलेली नवीकोरी निस्सान लॉरेल तीन आठवड्यांत, अवघे १४० मैल धावून, रस्त्यात बंद पडली. कारण शोधले तेव्हा कळले, की इंजिनाची जोडणी होताना सीलंटचा एक थेंब वंगणाच्या मार्गात पडला होता. तो तेलाबरोबर वाहत जाऊन अडकला, कॅमशाफ्टला तेल मिळेनासे झाले आणि इंजिन जॅम झाले. तो थेंब बाहेरून दिसणे शक्य नव्हते. डिलिव्हरीआधीच्या तपासणीत तो सापडला नसता आणि मालकाने कितीही जपून गाडी चालवली असती तरी बिघाड टळला नसता.

असा दोष राहून जाईल अशा जागा आलिशान गाडीत कमी नसतात, उलट वाढतात. एअर सस्पेन्शन, मागची चाके वळवणारी यंत्रणा, डझनावारी कंट्रोल युनिट्स, त्यांना जोडणाऱ्या तारा आणि त्या सगळ्यांवर चालणारे सॉफ्टवेअर हे सारे आधी वरच्या किमतीच्या गाड्यांत येते आणि काही वर्षांनी साध्या गाड्यांत उतरते. म्हणजे जास्त पैसे देणारा ग्राहक कमी मुरलेले तंत्रज्ञान विकत घेत असतो. सप्टेंबर २०२४ मध्ये बीएमडब्ल्यूने जगभरातल्या सुमारे १५ लाख गाड्यांच्या बाबतीत ब्रेकची अडचण जाहीर केली. ब्रेकची ती एकत्रित यंत्रणा कॉन्टिनेन्टल या पुरवठादाराने बनवलेली होती. एका पुरवठादाराच्या एका भागामुळे लाखो गाड्यांची तपासणी करावी लागते, हे अशा कंपनीच्या बाबतीत घडते जिच्याकडे पैसा, प्रयोगशाळा आणि अनुभव यांची वाण नाही. तेव्हा ‘एवढ्या मोठ्या कंपनीची गाडी बिघडणार नाही, तुमचेच काहीतरी चुकले असेल’ हा शोरूममधला सूर वस्तुस्थितीला धरून नाही.

बिघाडाच्या क्षणी माणसाने काय करावे, हा आधी सुरक्षिततेचा आणि मग पुराव्याचा प्रश्न असतो. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला आणि गाडीची ताकद एकदम कमी झाली, तर बहुधा गाडीने स्वतःला जपण्यासाठी ‘लिम्प मोड’ घेतलेला असतो. सावकाश चालवत सुरक्षित जागी पोहोचता येते. लाल दिवा लागला, विशेषतः ऑइल प्रेशरचा किंवा इंजिनाच्या तापमानाचा, तर कडेला घेऊन इंजिन लगेच बंद करायचे. ऑइल प्रेशर गेल्यावर पुढे रेटलेले एखाद-दोन किलोमीटरही इंजिनाची वाट लावतात, आणि मग मूळ दोष कुठला व नंतरचे नुकसान कुठले, हा वाद कंपनीच्या पथ्यावर पडतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर किंवा ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर गाडी थांबली, तर हॅझर्ड दिवे लावून, माणसांना गाडीतून उतरवून कठड्यापलीकडे उभे करणे हे पहिले काम. मागून येणाऱ्या ट्रकच्या वेगाचा अंदाज बसलेल्या माणसाला येत नाही. चारही चाकांना ताकद देणारी किंवा ऑटोमॅटिक गियरची गाडी दोन चाके उचलून ओढत नेऊ देऊ नये, फ्लॅटबेडच मागवावा. पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यात बंद पडलेले इंजिन पुन्हा चालू करायचा मोह आवरावा. सिलिंडरमध्ये पाणी शिरले असेल तर त्या एका स्टार्टने कनेक्टिंग रॉड वाकू शकतो, आणि साध्या विमा पॉलिसीत असे नुकसान बहुधा धरलेले नसते.

गाडी जागची हलायच्या आधी मोबाइलवर एक छोटा व्हिडिओ घ्यावा: लागलेले दिवे, पडद्यावरचा संदेश, किलोमीटरचा आकडा आणि आजूबाजूचा रस्ता. हे सांगण्याचे कारण असे, की बिघाड पुष्कळदा टिकत नाही. वर्कशॉपमध्ये पोहोचेपर्यंत गाडी थंड होते, कंट्रोल युनिट पुन्हा सुरू होते आणि सारे सुरळीत दिसते. गाडीच्या आत नोंद मात्र राहते. इंजिनाच्या संगणकात बिघाडाचा कोड साठवला जातो, उदाहरणार्थ सिलिंडर मिसफायर होत असतील तर पी०३००. आणि त्या कोडसोबत त्या क्षणीचा वेग, इंजिनाचे फेरे, तापमान अशी आकडेवारी गोठवून ठेवलेली असते. स्कॅनर जोडून कोड ‘क्लिअर’ करायला फार वेळ लागत नाही, आणि तो क्लिअर झाला की ग्राहकाचा सर्वांत भक्कम साक्षीदार गेला. म्हणून कोड पुसण्याआधी त्याची छापील प्रत किंवा पडद्याचा फोटो मागायचा, तोही ई-मेलने. मिळाला नाही, तरी मागितल्याची नोंद राहते.

याहून महत्त्वाचा कागद म्हणजे जॉब कार्ड. गाडी वर्कशॉपमध्ये घेताना सर्व्हिस ॲडव्हायझर जो तक्ता भरतो, त्यात ग्राहकाची तक्रार लिहायची एक जागा असते, आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणाचे भवितव्य त्या दोन ओळींत ठरते. ‘१०० किलोमीटरच्या वेगात इंजिन अचानक बंद पडले, स्टिअरिंग जड झाले, लाल दिवा लागला’ असे तिथे लिहिले गेले, तर तो पुरावा झाला. ‘जनरल चेकअप’ किंवा ‘वॉर्निंग लॅम्प चेक करणे’ असे लिहिले गेले, तर पुढे तीन वर्षांनी ग्राहक आयोगापुढे गाडी नेहमीच्या सर्व्हिसिंगला आली होती, असेच दिसेल. सही करण्याआधी ते वाचावे, चुकीचे असेल तर आपल्या शब्दांत लिहायला लावावे. गाडी कुठल्या तारखेला घेतली आणि कुठल्या तारखेला परत दिली, हेही त्या कार्डावर हवे. परत घेताना कुठला भाग बदलला, ते लेखी घ्यावे. ‘दोष आढळला नाही’ असे वर्कशॉपचे म्हणणे असेल, तर तेही लेखी घ्यावे. तसे दोन-तीन कागद जमले आणि बिघाड तोच येत राहिला, तर गाडीतला दोष वर्कशॉपला सापडत नसल्याचे हेच कागद दाखवतात. यातली प्रत्येक गोष्ट सांभाळणे दमवणारे आहे, आणि नवी गाडी घेणाऱ्याला एवढी वकिली करावी लागते यातच व्यवस्थेतली खोट दिसते.

कायद्याकडे वळू. वॉरंटी साधारणपणे एवढेच सांगते, की सदोष भाग दुरुस्त करू किंवा बदलून देऊ. २००६ मध्ये मारुती उद्योगच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हीच मर्यादा मान्य केली: वॉरंटीत भाग बदलून देण्याची हमी असेल तर दिलासाही तेवढाच, सबंध गाडी बदलण्याचा हुकूम देता येणार नाही. त्यापलीकडे जायचे तर उत्पादनातला मूळचा दोष दाखवावा लागतो, आणि त्यासाठी तज्ज्ञाचा अहवाल मागितला जातो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये असा दोष तपासणीशिवाय कळत नसेल तर वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे पाठवायची तरतूद आहे, आणि तपासणी लागली तरी पाच महिन्यांत निकाल लावावा, अशी अपेक्षाही आहे. पण ज्या गाडीचे सॉफ्टवेअर वाचायची परवानगी आणि उपकरणे फक्त कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपकडे असतात, तिचा तटस्थ तज्ज्ञ आणायचा कुठून? सांगलीतला किंवा नांदेडमधला ग्राहक अनुभवी मेकॅनिक आणू शकेल, इंजिनीअरिंग कॉलेजातले प्राध्यापक आणू शकेल. ‘या मॉडेलचे प्रशिक्षण तुम्ही घेतले आहे का’ या उलटतपासणीतल्या एका प्रश्नापुढे दोघांचाही नाइलाज होतो.

न्यायालयांना हे कळत नाही असे नाही. २०२२ मध्ये ह्युंदाईच्या क्रेटा गाडीच्या खटल्यात, अपघातात एअरबॅग उघडल्या नव्हत्या, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने गाडी बदलून देण्याचा आदेश कायम ठेवला, आणि वेग व आघाताची गणिते मांडणारा पदार्थविज्ञानाचा जाणकार असणे ग्राहकाकडून अपेक्षित नाही, अशा अर्थाचे स्पष्ट मत नोंदवले. ९ जुलै २०२४ रोजी मर्सिडीझच्या दोन प्रकरणांत, त्यांतल्या एकात तर पुढच्या दोन आसनांमधला उंचवटा चालताना तापत असे, कंपनीने संचालकाच्या वापरासाठी घेतलेली गाडी केवळ तेवढ्यामुळे व्यापारी हेतूची ठरत नाही, असा निर्वाळा त्याच न्यायालयाने दिला. निकाल असे ग्राहकाच्या बाजूने झुकत असले, तरी दोष होता की नाही, हे त्यांत एकेका गाडीपुरतेच ठरते. पुढच्या ग्राहकाला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. गोव्यातल्या एका प्रकरणात तर २०११ ची नवी म्हणून २००९ ची, ६२२ किलोमीटर चाललेली गाडी विक्रेत्याने दिली होती. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टाटा मोटर्सला त्यातून मोकळे केले, कारण विक्रेत्याच्या या कृत्याची उत्पादकाला माहिती होती, हे दाखवलेच गेले नव्हते. म्हणून तक्रार करताना विक्रेता आणि उत्पादक दोघांनाही पक्षकार करणे आणि प्रत्येकाविरुद्ध वेगळा आरोप नेमका मांडणे आवश्यक ठरते.

दुसऱ्या देशांनी या कोंडीतून वाट काढली ती दोषाचे शास्त्र बाजूला ठेवून. इंग्लंडमध्येही पूर्वी परिस्थिती वाईट होती. वर सांगितलेल्या निस्सानच्या मालकाला १९८६ मध्ये न्यायालयाने सांगितले की गाडी सदोष होती खरी, पण तीन आठवडे ती ठेवून घेतली म्हणजे तुम्ही ती स्वीकारली. आता नुकसानभरपाई मिळेल, गाडी परत करता येणार नाही. आपला वस्तुविक्री कायदा, १९३० याच इंग्रजी वळणाचा आहे, त्यामुळे गाडी मुकाट्याने वापरत राहणे आपल्याकडेही अंगाशी येऊ शकते. याच सुमारास तिथल्या अपील न्यायालयाने मात्र एका नव्या रेंज रोव्हरच्या खटल्यात वेगळी भूमिका घेतली. इंजिन, गियरबॉक्स आणि बॉडीत दोष असूनही ती गाडी हजारो मैल चालली होती. न्यायालयाने म्हटले, की गाडी इथून तिथे पोचवते एवढे पुरेसे नाही. आराम, सहजता, भरवसा आणि तिच्या रूपाचा वाटणारा अभिमान यांसाठीही ग्राहकाने किंमत मोजलेली असते. आज तिथल्या २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यानुसार पहिल्या ३० दिवसांत सदोष वस्तू परत करून पूर्ण पैसे मागता येतात. त्यानंतर विक्रेत्याला दुरुस्तीची एक संधी मिळते, आणि पहिल्या सहा महिन्यांत दिसलेला दोष डिलिव्हरीच्या वेळीच होता, असे धरले जाते. तसे नव्हते हे विक्रेत्याने दाखवायचे. अमेरिकेत १९८२ पासून एकेका राज्याने ‘लेमन लॉ’ केले. कॅलिफोर्नियात १८ महिने किंवा १८,००० मैल यांच्या आत त्याच दोषासाठी चार प्रयत्न फसले, जीवघेण्या दोषासाठी दोन फसले, किंवा गाडी एकूण ३० दिवसांहून जास्त दुरुस्तीत पडून राहिली, तर कंपनीला पुरेशी संधी मिळून गेली, असे मानतात. मोजायचे ते दिवस आणि जॉब कार्डे. सीलंटचा थेंब शोधायची ग्राहकाला गरज उरत नाही.

यावर पहिला आक्षेप असा, की आपल्याकडचे रस्ते, भेसळीचे इंधन, ओव्हरलोडिंग आणि बाहेरून बसवलेले ॲक्सेसरीज पाहता कंपनीवर ओझे टाकणे अन्यायाचे होईल. आक्षेपात तथ्य आहे. बाहेरच्या गॅरेजात वायरिंग कापून दिवे बसवले आणि मग शॉर्टसर्किट झाले, तर दोष कंपनीचा नव्हे. पण ओझे फिरवणे म्हणजे कंपनीला बाजू मांडू न देणे नव्हे. पाणी शिरल्याच्या खुणा, कापलेली वायर, टाकीतल्या इंधनाचा नमुना, गाडीतच साठवलेला वेगाचा आणि तापमानाचा तपशील, हे सगळे पहिल्याच दिवशी कंपनीच्या वर्कशॉपच्या हातात असते. ज्याच्याकडे पुरावा आहे त्याने तो मांडावा, यात अन्याय काय? शिवाय भारतातल्या रस्त्यांवर आणि इंधनावर चालेल, असे सांगूनच ही गाडी इथे विकली जाते. मर्सिडीझच्या गाड्या तर आपल्या चाकणला जोडल्या जातात.

दुसरा आक्षेप असा, की २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याने गाड्या परत बोलावण्याची सक्ती करता येते, १ एप्रिल २०२१ पासून त्याचे नियम लागू आहेत आणि कसूर केल्यास १० लाखांपासून १ कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. मग वेगळे काय हवे? ती तरतूद चांगलीच आहे, पण ती एकाच मॉडेलच्या ठरावीक संख्येने तक्रारी आल्यावर हलते आणि सुरक्षेला किंवा पर्यावरणाला धोका असलेल्या दोषांपुरती आहे. एकट्या गाडीत पडलेला एक थेंब तिच्या कक्षेत येतच नाही.

तिसरा आक्षेप मी सर्वांत गंभीर मानतो: कोटीची गाडी घेणाऱ्यांच्या दुखण्याची काळजी इतरांनी का करावी? श्रीमंत ग्राहकाला वकील परवडतो, दुसरी गाडी दारात असते. त्याला तरीही पंधरा वर्षे लागत असतील, तर कर्ज काढून माल वाहायला टेम्पो घेणाऱ्याचे काय होत असेल? स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेले वाहन कायद्याच्या व्याख्येत व्यापारी हेतूचे ठरत नाही, त्यामुळे तो माणूसही ग्राहकच आहे. गाडी वर्कशॉपमध्ये उभी असली तरी त्याचा हप्ता थांबत नाही, आणि वॉरंटीतली वाक्ये त्याला व ७ सीरीजच्या मालकाला जवळजवळ सारखीच असतात. महागड्या गाड्यांच्या खटल्यांत जे ठरते तेच त्याच्या तक्रारीत नजीर म्हणून वाचले जाते. दिवस आणि फसलेल्या दुरुस्त्या मोजणारा नियम सर्वांत जास्त उपयोगी पडेल तो त्याला, कारण तज्ज्ञाची फी भरणे त्याच्या आवाक्यात नाही. २०१९ च्या कायद्यात उत्पादकाच्या दायित्वाचे एक स्वतंत्र प्रकरण आहेच. वाहनांच्या बाबतीत पहिल्या वर्षात दिसलेला दोष मुळातलाच होता, असे गृहीतक त्यात एका कलमाने घालता येईल.

तोवर आहे त्या वाटेने जावे लागेल, आणि तिथे काही मर्यादा नीट ठाऊक हव्यात. तक्रारीला वाद उद्भवल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे, आणि वर्कशॉपच्या ‘पुढच्या आठवड्यात बघू’मध्ये ती सरत असते. आयोग ठरतो तो मोजलेल्या किमतीवरून: ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग, त्यापुढे २ कोटींपर्यंत राज्य आयोग आणि त्याहून जास्त असेल तर राष्ट्रीय आयोग. तक्रार आपण राहतो किंवा काम करतो तिथूनही करता येते, कंपनीच्या गावी जावे लागत नाही. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून पाहावी, कारण पुष्कळ कंपन्या त्या टप्प्यावर तोडगा काढतात. पोलिसांत फसवणुकीची फिर्याद देण्याची घाई मात्र करू नये. बिघडलेली गाडी विकणे आणि फसवण्याच्या इराद्याने विकणे यांत कायदा फरक करतो, आणि तो इरादा सिद्ध करणे उत्पादनातला दोष सिद्ध करण्याहून कठीण आहे.